परदेशी ग्राहकांना सॉफ्टवेअर विकताना पेमेंट गेटवे घ्यावा की मर्चंट ऑफ रेकॉर्ड?

एकट्याने काम करत असाल आणि वैयक्तिक ग्राहकांना अनेक देशांत विकणार असाल, तर सुरुवातीला मर्चंट ऑफ रेकॉर्ड सेवाच घ्यावी. गेटवे फक्त पैसे वसूल करतो. मर्चंट ऑफ रेकॉर्ड मात्र कायद्याने स्वतः विक्रेता ठरतो, त्यामुळे कर आकारणे, भरणे आणि बिल देणे ही त्याची जबाबदारी होते. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून डिजिटल सेवेवरील व्हॅट ग्राहकाच्या देशाच्या दराने लागतो (लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, हंगेरीत २७) आणि संघाबाहेरच्या विक्रेत्याला त्यात किमान उलाढालीची सूट नाही. म्हणजे गेटवे घेतला तर पहिल्याच विक्रीपासून नोंदणी, तिमाही विवरणपत्र आणि ग्राहकाच्या ठिकाणाचे पुरावे सांभाळणे आले.

मर्चंट ऑफ रेकॉर्ड सेवेची किंमत मोजावी लागते. पॅडल या अशाच एका सेवेचा जाहीर दर ५ टक्के अधिक ५० सेंट आहे, म्हणजे १०० डॉलरच्या परवान्यावर साडेपाच डॉलर, पण १० डॉलरच्या परवान्यावर पूर्ण एक डॉलर. स्वस्त उत्पादनाला हे चांगलेच बोचते. शिवाय कार्डाच्या विवरणात तुमच्याऐवजी या सेवेचे नाव दिसते आणि ते न ओळखल्याने काही ग्राहक रक्कम परत मागतात, म्हणून खरेदीनंतरच्या ईमेलमध्ये ते नाव स्पष्ट लिहावे.

मात्र तुमचे ग्राहक प्रामुख्याने व्हॅट क्रमांक असलेल्या कंपन्या असतील, तर युरोपात तो कर सहसा खरेदीदारच हिशेबात घेतो. अशा वेळी साधा गेटवे पुरतो.