ग्राहक उत्तरच देत नाही, मग अमेरिकन होम लोनच्या फाइलला ‘विथड्रॉन’ टाकायचं का?

नाही, अजिबात नका टाकू. मीपण नाशिकमध्येच रात्रपाळीत लोन फाइलवर निकालाचा कोड टाकायचं हेच काम करतो आणि क्यूसीकडून, म्हणजे चुका तपासणाऱ्या टीमकडून, फाइल्स परत येतात त्या बऱ्याचदा इथेच.

हमडामध्ये, म्हणजे अमेरिकेचा १९७५ चा होम मॉर्गेज डिस्क्लोजर अ‍ॅक्ट, कोड ४ विथड्रॉन तेव्हाच लागतो जेव्हा अर्जदार स्वतः स्पष्ट सांगतो की मला लोन नकोय, आणि तेही बँकेचा क्रेडिट डिसिजन व्हायच्या आधी. गप्प बसला म्हणजे माघार घेतली असं होत नाही. समजा पे स्टब, म्हणजे पगाराची पावती, हवाय, बँकेने काय हवंय आणि कधीपर्यंत ते लिहून रीतसर नोटीस पाठवली, मुदत गेली तरी कागद आला नाही, तर कोड ५, म्हणजे कागद अपुरे म्हणून फाइल बंद. नोटीसच गेली नसेल तर ५ पण चालत नाही.

काउंटरऑफरला लोक हमखास चुकतात बघा. तीन लाख डॉलर मागितले, बँक म्हणाली अडीच देतो, अर्जदाराने उत्तरच दिलं नाही, तर तो कोड ३, डिनाइड. पूर्ण मंजूर होऊन त्याने घेतलं नाही तर कोड २.

हे मनापासून सांगतोय, कारण कुठल्या वंशाच्या, कुठल्या वस्तीतल्या लोकांना जास्त नकार मिळतोय हे याच डेटावरून तपासतात, नकार विथड्रॉनमध्ये टाकला की ती माणसं दिसतच नाहीत. म्हणून कोड टाकायच्या आधी कॉल नोट उघडून वाचा, ‘नॉट इंटरेस्टेड’ हे ग्राहक खरंच म्हणालाय का फाइल हाताळणाऱ्या प्रोसेसरने आपल्या मनाने लिहिलंय.