क्लॅमिडेरा ओळखायचा तर आधी ठिकाण बघा

बोवरबर्ड म्हणजे ज्यांचे नर मादीला भुलवायला काड्यांचा मांडव रचतात असे पक्षी; त्यांच्या क्लॅमिडेरा प्रजातीत पाच जाती आहेत. रंगावर जाऊ नका, आधी ठिकाण बघा. पूर्व ऑस्ट्रेलियातला मॅक्युलाटा आणि पश्चिम-मध्य भागातला गुटाटा पूर्वी एकच जात धरत, त्यामुळे जुन्या नोंदी जशाच्या तशा उतरवू नका. नराच्या मानेवर गुलाबी तुरा नसेल, तर सर्व्हिनिव्हेंट्रिस किंवा लाउटरबाखी.

मग मांडव. काड्यांच्या दोन समांतर भिंती, मध्ये वाट. न्यू गिनीतला लाउटरबाखी मात्र चार भिंती उभारतो. याला घरटं म्हणू नका! घरटं मादी वेगळं, झाडावर बांधते. मांडवासमोरच्या वस्तूंना हात लावू नका: न्यूकालिस या जातीचा नर लहान खडे जवळ, मोठे लांब असे मांडतो आणि क्रम मोडला की दोन-तीन दिवसांत पुन्हा तसाच लावतो.