प्राध्यापकांना अ‍ॅक्टिव्ह लर्निंग पटत नाही म्हणून ते वर्गात करत नाहीत का?

पटतं हो, नुसतं ऐकण्यापेक्षा पोरांनी वर्गातच प्रश्न सोडवत, चर्चा करत शिकावं हे बऱ्याच जणांना पटतं. २०१४ मध्ये सायन्स-इंजिनीअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा नुसत्या लेक्चरला नापास होणारे साधारण ३४ टक्के आणि अ‍ॅक्टिव्हवाल्या वर्गात २२ टक्के निघाले, त्यामुळे पुराव्याची बोंब नाहीये. घोडं अडतं ते सिलॅबसवर, "पोर्शन कोण संपवणार" हे वाक्य कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकायला मिळेल, त्यात प्रमोशन रिसर्च पेपर बघून होणार मग नवीन पद्धतीने तयारी करायला वेळ कोण घालवेल. आणि पोरांचा फीडबॅक वाईट येईल, ही भीती मला तरी अगदी रास्त वाटते. हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गात २०१९ च्या अभ्यासात दिसलं की अ‍ॅक्टिव्ह वर्गात पोरं शिकली जास्त पण त्यांना वाटलं कमी शिकलो, कारण डोक्याला ताण पडतो ना, छान लेक्चर ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं (वाटतंच फक्त).

बाकी सगळं लेक्चर मोडीत काढायची गरज नसते. मध्येच एक पर्यायांचा प्रश्न टाकायचा, हात वर करून मतं घ्यायची, उत्तर न सांगता दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि परत मतं घ्यायची. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर हेच १९९० च्या दशकापासून करत आलेत.