रुटाइल: एका ऑक्सिजन अणूची रिकामी जागा

प्रश्न: भिंतीच्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड पांढरंशुभ्र असतं. मग प्रयोगशाळेतला त्याचाच स्फटिक निळा का?

उत्तर: निर्वातात खूप तापवल्यावर स्फटिकातला थोडा ऑक्सिजन निघून जातो. त्याच्यापाशी बांधलेले इलेक्ट्रॉन मागे उरतात आणि स्फटिक निळा पडतो. आम्हाला हे हवंच असतं. मूळचं रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं हे स्फटिकरूप, वीज जवळजवळ वाहूच देत नाही, आणि पृष्ठभागालगत बारीक सुई फिरवून अणूंचं चित्र काढणारा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप तर विजेवरच चालतो.

प्रश्न: त्या मायक्रोस्कोपच्या चित्रातल्या उजळ रांगा म्हणजे वर आलेले ऑक्सिजनचे अणू ना?

उत्तर: नाही. पहिल्यांदा चित्र पाहणारा इथे हमखास फसतो. रुटाइलच्या (११०) या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या रांगा खरोखरच टायटॅनियमच्या रांगांहून उंच असतात; लगतच्या दोन ऑक्सिजन रांगांत सुमारे ०.६५ नॅनोमीटर अंतर. पण सुईला नुसती उंची कळत नाही, इलेक्ट्रॉनला कुठे सहज शिरता येतं तेही त्या चित्रात उतरतं. नेहमीच्या मापनात सुईतले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या रिकाम्या ऊर्जापातळ्यांत जातात, आणि त्या प्रामुख्याने टायटॅनियमच्या असतात. म्हणून खालचं टायटॅनियम उजळ आणि वरचा ऑक्सिजन काळा दिसतो. काळ्या रांगेत मध्येच फिकट ठिपका दिसला, तर तिथला ऑक्सिजन अणू नाहीसा झालेला असू शकतो.

प्रश्न: ‘असू शकतो’ का? खात्री का नाही?

उत्तर: पाण्यामुळे. वाफेचा रेणू रिकाम्या जागेत पडला की फुटतो. त्याचा ऑक्सिजन एका हायड्रोजनसह तिथेच बसतो, दुसरा हायड्रोजन त्याच रांगेतल्या शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतो. एका रिकाम्या जागेचे असे दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) होतात, आणि तेही काळ्या रांगेवर ठिपकेच दिसतात, थोडे जास्त उजळ. उत्तम निर्वात कक्षातही थोडी वाफ उरतेच, त्यामुळे कित्येक वर्षं संशोधकांनी हायड्रॉक्सिललाच रिकामी जागा मानलं. हा गुंता २००५-०६ च्या सुमारास सुटला. ओळखायची एक युक्ती मला फार आवडते: सुमारे ३ व्होल्ट दाब ठेवून सुई त्यावरून फिरवायची. हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन उडून जातो, रिकामी जागा मात्र जशीच्या तशी राहते.

प्रश्न: ऑक्सिजन सोडून या जागा बुजवता येत नाहीत का?

उत्तर: येतात, अगदी खोलीच्या तापमानालाही. पण ऑक्सिजनच्या रेणूत अणू दोन. एक जागेवर बसतो, दुसरा शेजारच्या टायटॅनियमच्या रांगेवर उपरा होऊन राहतो.