डेअरीच्या कॉम्प्युटरवरून मेसेज पाठवणारा-घेणारा प्रोग्राम बॅकग्राउंडला कसा चालू ठेवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: निपाणीकडच्या गावात दूध डेअरी आहे, लिनक्स टाकलेला जुना कॉम्प्युटर आहे, नेट कधी असतं कधी नसतं, सभासदांना रोजचा लिटर-फॅटचा मेसेज जायला पाहिजे, त्यांनी मेसेज करून विचारलं तर उत्तर पण जायला पाहिजे, आणि हे सगळं समोर कोण बसलेलं नसताना चालायला पाहिजे.

मी डेअरीसाठी नाही, पण आमच्याकडं खानापूर तालुक्यात मलप्रभेवरून पाणी उचलणारा शेतकऱ्यांचा गट आहे, त्याच्यासाठी हेच केलंय. पाण्याची कुणाची पाळी कधी, मोटरसाठीची थ्री फेज वीज आज रात्री की दिवसा, हे विचारायला लोक आमच्या थोरल्या काकांना रात्री अकराला फोन करायचे, काका वैतागले आणि मला म्हणाले तू कॉम्प्युटर शिकलास न्हवं, काहीतरी कर. तर झालेल्या चुकांसकट सांगतो.

लागतं काय, तर एक यूएसबी डोंगल नाहीतर जीएसएम मॉडेम, एक सिम, आणि गम्मू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम. त्याच्यातला बॅकग्राउंडला चालणारा भाग म्हणजे गम्मू-एसएमएसडी. डेबियन किंवा उबंटू असेल तर अॅप्टने (प्रोग्राम टाकायची कमांड) पाच मिनिटांत बसतो. (नावं मी उच्चार करतो तशी लिहायलोय, टाइप इंग्रजीतच करा.) कॅनल म्हणून पण असाच एक प्रोग्राम आहे, त्यात बेअररबॉक्स वेगळा चालवायचा, एसएमएसबॉक्स वेगळा चालवायचा, मोठ्या कंपन्यांसाठी ते ठीक आहे, एका डोंगलसाठी म्हणजे मेथीची जुडी आणायला ट्रॅक्टर काढल्यासारखं.

सिम घ्यायच्या आधी डोंगल बघा. जुनं टूजी-थ्रीजी डोंगल असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, त्यांचं नेटवर्क सुरूच फोरजीपासून होतं. ज्या कंपनीचं टूजी तुमच्या गावात धड येतं तिचं घ्या. सिमचा पिन साध्या फोनमध्ये घालून आधीच काढून टाका, नाहीतर कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की पिन विचारत बसेल आणि द्यायला कोण नसेल.

डोंगल लावलं की बऱ्याच वेळा ते पहिल्यांदा सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतं, कारण त्याच्यात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. त्याला मॉडेम करायला यूएसबी-मोडस्विच लागतो, तो पण टाकून घ्या. मग टीटीवाय-यूएसबी ०, १, २ असे दोन-तीन पोर्ट दिसतील, त्यातला एखादाच बोलतो. एकेक पोर्ट कॉन्फिगमध्ये (गम्मूच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) घालून गम्मू आयडेंटिफाय ही कमांड चालवायची, ज्याच्यावर डोंगलची कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय (डोंगलचा ओळख नंबर) आलं तो आपला.

इथं मी पहिली चूक केली. टीटीवाय-यूएसबी ० असं लिहून मोकळा झालो, आठ दिवस मस्त चाललं, एका संध्याकाळी वीज गेली-आली-गेली-आली, आणि डोंगल १ वर जाऊन बसलं. प्रोग्राम बिचारा ० वर हाका मारतोय. दोन दिवस कुणाला मेसेज नाही, आणि काकांना परत फोन चालू. तर तो नंबर लिहूच नका. डेव्ह फोल्डरमध्ये सिरीयल, त्याच्यात बाय-आयडी म्हणून फोल्डर असतं, तिथं डोंगलच्या नावाचा लांबलचक पत्ता दिसतो, तो लिहा. डोंगल कुठल्या पण नंबरवर गेलं तरी हा पत्ता तोच राहतो.

दुसरी भानगड मॉडेम-मॅनेजरची, म्हणजे डोंगलवरून नेट जोडणाऱ्या प्रोग्रामची. उबंटूत तो आपोआप चालू असतो आणि डोंगल दिसलं रे दिसलं की पोर्ट धरून बसतो. गम्मू कधी चालतो कधी चालत नाही असं झालं की पहिला संशय याच्यावर घ्यायचा. नेटसाठी डोंगल वापरत नसाल तर त्याला बंद करा. आणि ज्या युजरच्या नावाने एसएमएसडी चालतो तो डायलआउट ग्रुपमध्ये (मॉडेमचे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात) आहे का बघा, नसेल तर परमिशन डिनाइड.

कॉन्फिग फाइल इटीसी फोल्डरमध्ये गम्मू-एसएमएसडीआरसी नावाची. तिचे दोन भाग. वरच्या गम्मू भागात पोर्टचा पत्ता आणि कनेक्शनला एटी. खालच्या एसएमएसडी भागात सर्व्हिस म्हणजे मेसेज ठेवायचे कुठं ते. फाइल्स लिहिलं तर इनबॉक्स, आउटबॉक्स, पाठवलेले आणि फसलेले अशी चार फोल्डरं द्यायची, आलेला मेसेज इनबॉक्समध्ये फाइल होऊन पडतो. एसक्यूएल लिहिलं तर हेच डेटाबेसच्या टेबलांत होतं. मी सुरुवात फाइल्सने केली, तुम्ही पण तशीच करा, पण डेअरीचा हिशेब आधीच मायएसक्यूएलमध्ये असेल तर शेवटी तिकडंच जा, कारण मग आउटबॉक्स टेबलात एक ओळ घातली की मेसेज गेला, वेगळं काही चालवायला लागत नाही.

एक नियम पक्का लक्षात ठेवा. एसएमएसडी चालू आहे म्हणजे पोर्ट त्याच्या ताब्यात आहे. मध्येच गम्मूची साधी सेंड कमांड मारली तर दोघांची पोर्टवरून ओढाताण. पाठवायचं असेल तर गम्मू-एसएमएसडी-इंजेक्ट वापरा, तो मेसेज फक्त रांगेत ठेवतो आणि पाठवायचं काम एसएमएसडी करतो. मराठी असेल तर युनिकोडचा पर्याय द्यायचा, विसरलात तर समोरच्याला प्रश्नचिन्हांची माळ जाते (आमच्या गटात एकाने ती वाचून फोन केला, म्हणाला काय रे, पाळीचं विचारलं तर मलाच प्रश्न विचारायलास?).

आता लांबी. इंग्रजीत एका मेसेजात १६० अक्षरं बसतात, मराठी किंवा कन्नडमध्ये ७०. त्याच्यापेक्षा लांब झालं की तुकडे पडतात आणि तुकड्यात ६७ च, कारण तुकडे जोडायची माहिती पण त्यातच जाते. आणि ही ७० अक्षरं आपण मोजतो तशी नाहीत, काना मात्रा हलंत सगळं सुटं मोजतात. क्षेत्र हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, तिथं तो ७ होतो. म्हणून ‘नमस्कार, आपल्या दुधाचा आजचा तपशील खालीलप्रमाणे’ असलं काही लिहू नका, तेवढ्यातच दोन तृतीयांश मेसेज संपला. ‘सकाळ ६.५ लि, फॅट ४.१, एसएनएफ ८.५’ एवढंच. दोन तुकडे म्हणजे दोन मेसेज धरतात, आणि प्लॅनमध्ये दिवसाला बहुतेक १०० च असतात.

यावरूनच सांगतो, सभासद दोन-तीनशे असतील आणि रोज दोन वेळा मेसेज घालायचे असतील तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही. साध्या सिमवरून तेवढं पाठवायला लागलात तर कंपनी सिम बंद करू शकते. ट्रायच्या (फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१८ च्या नियमांनंतर असल्या कामाला डीएलटी नावाच्या फोन कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी करून, नाव आणि मजकूर मंजूर करून घेऊन पाठवायचं असतं. डोंगलचा खरा उपयोग म्हणजे ज्याने विचारलं त्याला उत्तर. आम्ही तेवढंच करतो, आपणहून फक्त थ्री फेजची वेळ बदलली तर पाठवतो, ते पण साठ-सत्तर जणांना.

उत्तराचं कसं, तर कॉन्फिगमध्ये रन-ऑन-रिसीव्ह म्हणून एक ओळ असते, तिथं आपल्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्यायचा. मेसेज आला की एसएमएसडी स्क्रिप्ट चालवतो आणि कुणाचा नंबर, काय मजकूर ते एन्व्हायर्नमेंटमधून (प्रोग्राम सुरू होताना त्याला मिळणाऱ्या माहितीतून) देतो. स्क्रिप्टने बघायचं, उत्तर तयार करायचं, इंजेक्टला द्यायचं, झालं. मी पायथनमध्ये लिहिलंय.

पहिल्यांदा मी लोकांना सांगितलं ‘पाळी’ असं लिहून पाठवा. कुणी मराठीत लिहिलं, कुणी इंग्रजी अक्षरांत, त्यात पण एकाचे दोन ए दुसऱ्याचा एक, नदीपलीकडच्या मळ्यातल्यांनी कन्नड लिपीत, आणि एका आजोबांनी कोरा मेसेज पाठवला, त्यांचं म्हणणं मी पाठवला म्हणजे तुला कळायला पाहिजे काय पाहिजे ते. मग शब्द काढून टाकले. १ म्हणजे माझी पाळी, २ म्हणजे आजची थ्री फेज, बास. हा १ मराठीतला येऊ दे, कन्नडमधला येऊ दे नाहीतर इंग्रजीतला, पायथनचं इंट हे फंक्शन तिन्ही बरोबर ओळखतं, त्यासाठी काही वेगळं लिहायला लागलं नाही. आपल्या भागात हे मला सगळ्यात आवडलेलं आहे. कोऱ्या मेसेजला पण आता पाळीच जाते, आजोबा जिंकले.

आणि आता मोठी चूक. एका सभासदाच्या फोनमध्ये ‘गाडी चालवतोय, नंतर बोलतो’ असं आपोआप जाणारं उत्तर चालू होतं. त्याने १ पाठवला, गाडीवर बसला, माझ्या प्रोग्रामने पाळी कळवली, त्याच्या फोनने गाडी चालवतोय म्हटलं, माझ्या प्रोग्रामने ‘चुकीचा मेसेज, १ किंवा २ पाठवा’ म्हटलं, त्याने परत गाडी चालवतोय. बेळगावपर्यंत दोघं गप्पा मारत गेले. दुपारी माझ्या सिमचे दिवसाचे मेसेज संपले आणि त्या दिवशी रात्री नेमकी थ्री फेजची वेळ बदलली होती. म्हणून स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी पहिल्या दिवशीच घाला: यादीत असलेल्या दहा आकडी नंबरलाच उत्तर, एका नंबरला तासात तीनच उत्तरं, आणि न कळलेल्या मेसेजला गप्प बसायचं. यादीशी जुळवताना नंबरच्या पुढचा +९१ काढायला विसरू नका, नाहीतर कुणाचाच नंबर जुळणार नाही.

हे सगळं हाताने चालू करून दोन दिवस बघा, मग सिस्टमडीमध्ये (लिनक्सचा बॅकग्राउंडचे प्रोग्राम सांभाळणारा भाग) एनेबल करा, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप उठेल. रीस्टार्ट ऑलवेज पण घाला, पडला तर परत उभा राहील. चाललंय का बघायला गम्मू-एसएमएसडी-मॉनिटर आहे, सिग्नल किती, किती गेले, किती आले सगळं दाखवतो. लॉग फाइल (काय काय झालं त्याची नोंद) वाढत जाते, तिला लॉगरोटेट लावा, तो जुनी नोंद आपोआप काढतो. एसएमएसडी आलेला मेसेज वाचून सिमवरून काढून टाकतो, पण तोच बंद पडला तर सिमची जागा भरते आणि पुढचे मेसेज कंपनीकडंच अडकून राहतात. म्हणून माझा प्रोग्राम रोज सकाळी सहाला मला एक मेसेज पाठवतो, फक्त ‘हाय’. तो नाही आला की मला कळतं काहीतरी बिघडलंय, लोकांनी सांगायच्या आधी.

विजेचं तुम्हाला मी काय सांगू, तुमच्याकडं पण तेच. रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) मी करून बघितलं, पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन त्याचं मेमरी कार्ड दोनदा खराब झालं. शेवटी भावाचा स्क्रीन फुटलेला लॅपटॉप लावला, त्याची बॅटरी तास-दीड तास काढते, तोच यूपीएस. झाकण मिटलं की झोपू नये म्हणून लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये लिड स्विच इग्नोर करा. डोंगल दीड मीटरच्या यूएसबी वायरने खिडकीत टांगलंय, आत ठेवलं तर सिग्नल अर्धा होतो. तुमच्याकडं पत्र्याचं शेड असेल तर डोंगल बाहेरच काढा, फक्त पन्हाळीखाली नको.

गम्मू आयडेंटिफायपर्यंत तुम्ही पोचलात की काय उत्तर आलं ते इथं खाली टाका, आयएमईआय तेवढा खोडा, मग कॉन्फिग एकेक ओळ बघू.