पाटबंधारे खात्याच्या ओस पडलेल्या क्वार्टर्स आरोग्य उपकेंद्रासाठी घेता येतात का?

घेता येतात. जमीन आधीच सरकारची असेल तर भूसंपादन लागत नाही, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. फक्त मागणी कोणी करायची ते नीट बघा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं. नुसता ग्रामपंचायतीचा ठराव धूळ खात पडतो.

आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या गावात धरणाचं काम संपलं आणि कॉलनी ओस पडली. मी तेव्हा पंचायतीत सदस्य होते. लसीकरण मारुतीच्या पारावर चालायचं. नर्सबाई गरोदर बायकांना कोणाच्या तरी ओटीवर साडीचा आडोसा करून तपासायच्या, आणि तिकडे धड भिंतींच्या खोल्यांत शेळ्या बांधलेल्या. मी त्या खोल्या मागायचा विषय मांडला. सरपंच म्हणजे माझे थोरले दीर. भाऊ म्हणाले, मूळ शेतकरी जमीन परत मागतील, त्यापेक्षा दानाची जागा घेऊ. दानाची जागा ओढ्यापलीकडे! पावसाळ्यात अडलेली बाई तिथे कशी न्यायची, याचं उत्तर भाऊंनी अजून दिलेलं नाही.

कॉलनीच्या जमिनीचा सातबारा काढला तर एका गटावर जुन्याच खातेदाराचं नाव. भाऊंनी बैठकीत तोच कागद पुढे केला, सगळे गप्प बसले आणि उपकेंद्र ओढ्यापलीकडे गेलं. अहो, भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, होऊन ताबा गेला की जमीन सरकारची. सातबाऱ्यावर नाव बदलायचा फेरफार राहिला ही महसूलची ढिलाई. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतलेली जमीन मूळ कामाला लागली नाही तर दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरता येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलंय. म्हणून निवाड्याची आणि ताबा पावतीची नक्कल आधी भूसंपादन शाखेतून काढा आणि बैठकीला सोबत न्या.

आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे, इतरत्र ५,०००. तुमचं गाव त्यात बसत असेल तर दानशूर माणसाची वाट बघू नका. रस्त्याला लागून असलेली जागा कोणी सहसा दान करत नाही.

हां, जमीन २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने घेतलेली असेल तर कलम १०१ बघा. ताबा घेतल्यापासून ५ वर्षं वापराविना पडलेली जमीन मूळ मालकाकडे किंवा सरकारच्या लँड बँकेत, म्हणजे राखीव जमिनीच्या साठ्यात, जाते. पेसा गाव असेल, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यात येत असेल, तर ग्रामसभा घ्या. आणि बांधकाम विभागाकडून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या. इमारत नापास झाली तर तिचं निर्लेखन करून, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून, तिथेच नवी बांधायला लावा, जागा मात्र सोडू नका.