थायलंडमध्ये व्हीगन मुलीच्या जेवणाचं काय? पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी शोधा

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब बँकॉक आणि फुकेतला चाललोय, मुलगी व्हीगन (म्हणजे दूध-तूपही न खाणारी), सासूबाई पक्क्या शाकाहारी, मिस्टरांना मासे हवेत. तर सगळीकडे इंडियन रेस्टॉरंट गाठावं का? आमच्या घरात हाच मेळ आहे आणि आम्हीही थायलंडला जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंसाठी इंडियन रेस्टॉरंट चालेल. मुलीसाठी मात्र ते शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. परदेशातल्या 'प्युअर व्हेज' हॉटेलात तिच्या पानात काय पडतं ते आठवून बघा: डाळीला बटरची फोडणी, रोटीवर तूप, भाजीत क्रीम, उरलेलं सगळं पनीर. तिथे शेवटी ती पापड, सॅलड आणि साध्या भातावर उठते. थाई स्वयंपाकात उलट दूध-तूप जवळजवळ नसतंच, रस्सा बऱ्याचदा नारळाच्या दुधाचा. तिला तिथे अडचण येते ती माशांच्या पाण्याची, म्हणजे 'नाम प्ला' या फिश सॉसची. शिवाय करीच्या वाटणात सुकटीसारख्या वासाचं कोळंबीचं 'कापी' असतं, परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर वाढणारा मांसाचे तुकडे वगळतो, पण हे तिन्ही राहतात. त्यात त्याची लबाडी नसते. त्याच्या लेखी ते मीठ-मसाल्यात जमा.

यावर उत्तर तिथल्याच लोकांनी करून ठेवलंय. चिनी वंशाच्या बौद्ध मंडळींमध्ये 'जे' नावाचा आहार पाळतात. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि लसूण-कांदाही नाही. जिथे हे जेवण मिळतं तिथे पिवळ्या पाटीवर किंवा पताकेवर लाल रंगात थाई अक्षरं असतात: เจ. लांबून ती 17 या इंग्रजी आकड्यासारखी दिसतात. मुलीला हे चिन्ह फोनवर दाखवून ठेवा, गल्लीत शिरल्या शिरल्या तीच तुम्हाला पाटी दाखवेल. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांतल्या पाकिटांवरही हेच चिन्ह बघायचं. सोयामिल्क घेताना तर नक्की बघा, कारण काही सोयामिल्कमध्ये दुधाची पावडर घातलेली असते.

'जे'च्या दुकानात काचेमागे दहा-बारा ट्रे मांडलेले असतात. बोट दाखवायचं, भातावर दोन-तीन भाज्या पडतात, राईस प्लेट तयार. साध्या दुकानात पन्नास-साठ बाथमध्ये एकाचं पोट भरतं. फक्त सकाळी लवकर किंवा दुपारी बाराच्या आत जा. यातली बरीच दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारी ट्रे रिकामे झाले की बंद होतात. रात्रीचं जेवण त्यांच्यावर सोडू नका.

एक गोष्ट सासूबाईंना घरूनच सांगून न्या. 'जे'च्या दुकानात सोया आणि गव्हाच्या ग्लुटेनचे पदार्थ हुबेहूब मांसासारखे करतात. बदकाची कातडी वाटावी असे पापुद्रे, कोळंबीसारखे गुलाबी पट्टे, मटणासारखे रेषा सुटलेले तुकडे. आमच्या सासूबाईंनी पहिला ट्रे बघितला आणि पदर नाकाला लावून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मालकीणबाईंनी त्यांना आत बोलावलं, टोफू, भोपळा आणि मशरूमचे ट्रे वेगळे दाखवले, आणि मग त्या जेवल्या. दिवाळी चातुर्मासातच येते, तेव्हा कांदा-लसूण सोडलेल्या माणसाला हे जेवण इंडियन हॉटेलापेक्षा सोयीचं पडतं.

जिथे ही पाटी नसेल तिथे 'किन जे' म्हणा, म्हणजे 'मी जे-आहार घेते'. पुढे 'माय साय नाम प्ला', माशांचं पाणी नको. 'माय साय खाय', अंडं नको. बाईमाणसाने वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणायचं, पुरुषाने 'ख्रप'. तोंडी सांगून भागत नाही, म्हणून थाईमध्ये लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देताना तीच दाखवा. पिवळ्या नूडल्समध्ये अंडं असतं. तांदळाच्या किंवा मुगाच्या पारदर्शक नूडल्स मागा. सूपचं पाणी बहुतेक ठिकाणी हाडांचं असतं, नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून घेऊ नका. थाई चहात कंडेन्स्ड मिल्क असतंच, त्याऐवजी लिंबाचा 'चा मनाव' घ्या. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र मुलीला पोटभर खाऊ द्या. सकाळी रस्त्यावर गरम सोयाचं दूध मिळतं, 'नाम ताव हू', तेही छान.

मिस्टरांचा प्रश्न मॉलचं फूड कोर्ट सोडवतं. बँकॉकमध्ये टर्मिनल 21 मधलं पिअर 21 बघा. एकाच टेबलावर त्यांचे मासे, मुलीचं 'जे' ताट आणि सासूबाईंची फळं येतात, कुणाला कुणासाठी ताटकळायला लागत नाही. माझ्या मते कुटुंबाबरोबरच्या सहलीत हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नाहीतर बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत मुलगी पाणी पीत बसते आणि कुणीतरी म्हणतं, 'आठ दिवस खा की पनीर, काय होतंय.' हे वाक्य घरातल्या कुणालाही बोलू देऊ नका. तिने विचार करून घेतलेला निर्णय आहे, आणि तिचं जेवण शोधणं हे सगळ्यांचं काम आहे.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर टूर मॅनेजरला निघायच्या आधीच लेखी कळवा: डाळ फोडणीच्या आधी काढून ठेवा, रोटीला बटर लावू नका. ऐनवेळी बुफेपाशी सांगून काही होत नाही. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि खाकरे न्या. मेतकूट आणि तिथला गरम भात हे रात्रीचं जेवण आम्हाला खूप उपयोगी पडलं. दशम्या नेत असाल तर दुधात भिजवलेल्या नकोत, आणि ठेपल्यांत दही घालू नका.

फुकेतला वर्षातून एकदा नऊ दिवस गावातले बरेच लोक 'जे' पाळतात, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात. 1825 मध्ये काथू भागात आलेल्या चिनी नाटकमंडळीपासून ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. 2023 आणि 2024 मध्ये तो उत्सव आपल्या घटस्थापनेच्या दिवशीच सुरू झाला होता. तारखा दरवर्षी जुळतातच असं नाही, पण पुढे कधी नवरात्रात जायचं ठरलं तर आधी बघून घ्या, रस्तोरस्ती पिवळ्या पताका लागलेल्या असतात.

आणि विमानातल्या जेवणाचं आजच बघा. मुलीसाठी 'व्हीजीएमएल' नोंदवा, हा व्हीगन जेवणाचा कोड. 'एव्हीएमएल' म्हणजे हिंदुस्थानी शाकाहारी, त्यात दही-पनीर येतं. ते सासूबाईंना द्या. बहुतेक कंपन्यांना किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं, आणि स्वस्त विमानकंपन्यांत जेवण वेगळं विकत घ्यावं लागतं.